पाठीवरचा पूल

कीथलीत सोमवार हा धुण्याचा वार. आता घरोघरी यंत्रं आली, वाटेल त्या दिवशी कपडे फिरवावेत. पण मॉरीन हॉलरॉइड सोमवारीच धुणार आणि परसातल्या दोरीवरच वाळत घालणार. तिच्या नवऱ्याला, गॉर्डनला, त्याचं काही नव्हतं. परसाच्या टोकाला एक दगडी शेड होती. पूर्वी तिथे कोणाची तरी डुकरं असायची, आता गॉर्डन असायचा. मॉरीन म्हणायची, फारसा फरक पडलेला नाही.

गॉर्डन जन्मभर फिटर होता. निवृत्त झाल्यावर माणसं गुलाब लावतात, कबुतरं पाळतात. हा जुने लेथ उभे करायचा. जुने म्हणजे आजोबांच्या काळातले, चामड्याच्या पट्ट्यावर फिरणारे, लोखंड कातायचे लेथ. गिरण्यांच्या तळघरांत, शेतांवरच्या गोठ्यांत ते गंजत पडलेले असत. गॉर्डन ते आणायचा, उघडायचा, घासायचा, आणि जे नसेल ते शोधायचा. खरं काम शोधण्याचंच. ज्या कारखान्यांनी ते लेथ केले त्यांची आता सुपरमार्केटं झाली होती, त्यामुळे सुटा भाग दुकानात मिळायचा नाही, माणसांकडे मिळायचा. आणि आपल्याकडे काय आहे हे त्या माणसांना ठाऊक नसायचं.

टॉडमर्डनच्या बंद गिरणीतून आणलेल्या लेथचंही असंच झालं. बूथरॉइड कारखान्याचा लेथ, महायुद्धाच्या आदल्या वर्षीचा. त्याचं एक दातेरी चाक हॉवर्थच्या एका दारूच्या गुत्त्यात दाराला अडसर म्हणून मिळालं. मागचं हातचाक एका मेंढपाळाने फाटक आपोआप मिटावं म्हणून दोरीला लटकवलं होतं. त्याबदल्यात गॉर्डनने त्याला धोंडा बांधून दिला आणि वर ऐकून घेतलं की धोंडा तितका चांगला नाही. सगळं जमत आलं. राहिला होता फक्त पूल.

लेथचा बेड म्हणजे लांब लोखंडी ओटा, त्याच्यावरून हत्यार मागेपुढे सरकतं. मोठं चाक कातायचं झालं तर ते फिरायला जागा हवी, म्हणून बेडच्या एका टोकाला एक खाच ठेवलेली असते. एरवी ती खाच लोखंडी ठोकळ्याने भरतात, म्हणजे बेड सलग होतो. त्या ठोकळ्याला पूल म्हणतात. हा पूल त्याच बेडसाठी, त्याच बेडवर हाताने खरवडून बसवलेला असतो. दुसऱ्या लेथचा पूल, मग तो त्याच कारखान्यात त्याच आठवड्यात झालेला का असेना, बसत नाही. कागदाच्या जाडीएवढा अडतोच, आणि या धंद्यात कागदाची जाडी म्हणजे दरी.

बूथरॉइडकडे या पुलाची एक रीत होती. यंत्र गाडीतून गिऱ्हाइकाकडे जायचं, पूल मात्र चाकावर घालायचा नाही. ज्याने तो खरवडला त्याने तो चरबी लावलेल्या घोंगडीत गुंडाळून पाठीवर बांधायचा, पायी न्यायचा आणि स्वतःच्या हाताने खाचेत बसवून द्यायचा. कोणी म्हणे, गाडीच्या धक्क्यांनी कडा दुखावतात. कोणी म्हणे, जुना नवस आहे. मालकांना विचारलं तर मालक म्हणत, माझ्या आजोबांना विचारा. आणि आजोबा तर चॅपलमागे गवताखाली झोपलेले.

गॉर्डन खाचेतला गंज तारेच्या ब्रशने काढत होता तेव्हा विल्फ फेदर आला. विल्फ गल्लीच्या टोकाला, आईच्याच घरात राहायचा. पंचाहत्तरी उलटलेली, लोकरीच्या गिरणीत छाती गेलेली. चार पावलं चालला की भात्यासारखा वाजायचा. दोघांची मैत्री शाळेपासूनची, म्हणजे विल्फने शाळेत गॉर्डनला चिखलात लोळवलं तेव्हापासूनची.

"आहेस का मेलास?" विल्फने दारातून विचारलं.

"तुझ्या आधी कसा मरेन? तुझी पेटी खांद्यावर घ्यायला कोणीतरी हवं ना."

"तुझा खांदा? म्हणजे पेटी उताराला लागलीच म्हणायची." विल्फ स्टुलावर बसून धापा टाकत राहिला. मग पुढे वाकून बघायला लागला. "ती अक्षरं कसली?"

खाचेच्या आतल्या भिंतीवर, पूल बसला की झाकली जाईल अशा जागी, गंजाखालून ठोकलेला नंबर वर आला होता आणि त्याच्या शेजारी दोन अक्षरं. खरवडणारा माणूस आपली आद्याक्षरं तिथे ठोकायचा. मालकाला दिसायची नाहीत, पण असायची.

"ए. एफ.," गॉर्डनने वाचलं, आणि त्याच्या हातातला ब्रश थांबला.

विल्फचा बाप ॲम्ब्रोज फेदर बूथरॉइडकडे खरवडकाम करायचा. विल्फ नीट बोलूही लागला नव्हता तेव्हा एके सकाळी ॲम्ब्रोज पाठीवर पूल बांधून टॉडमर्डनला निघाला. वाट माळावरून, मेंढ्या आणि काळी दलदल यांच्यातून जाणारी. तो पोचला नाही, परतला नाही, आणि पूलही कुठे सापडला नाही. माळ धुंडाळला. मग लोकांनी तोंडं उघडली. हॅलिफॅक्सची एक बाई होती म्हणे. पूल भंगारात विकून दोघं जहाजात बसली म्हणे. गिरणीने मग तो लेथ पुलावाचूनच चालवला. आणि विल्फची आई, एडिथ, "नवऱ्याने टाकलेली" म्हणून त्याच गल्लीत लोकांच्या पायऱ्या घाशीत म्हातारी झाली. नवरा मेला असंही ती कधी म्हणाली नाही, गेला असंही नाही. चॅपलमध्ये बायका तिच्या बाकावर बसायच्या नाहीत.

हे सगळं गॉर्डनला ठाऊक होतं. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, म्हणून कोणी बोलत नसे.

"पिकल्स आला होता काल," विल्फ म्हणाला. पिकल्स म्हणजे थडग्यांवरची अक्षरं कोरणारा पाथरवट. "आईच्या दगडावर तिच्या नावाखाली जागा सोडलीय. मला आता ऑपरेशनला बोलावलंय, म्हणून माझं नाव कुठे यायचं ते ठरवून घेतो म्हणाला. विचारत होता, मध्ये बापाचं घालायचं का? एकदा माझं कोरलं की मग जागा नाही."

"मग काय सांगितलंस?"

"काय सांगू? पळपुट्याचं नाव मी आईच्या उरावर बसवणार नाही. आणि पळालाच नसेल, तर..." विल्फने पुन्हा त्या अक्षरांकडे पाहिलं. "तर मी साठ-सत्तर वर्षं कोणाला शिव्या घातल्या रे? तिकडे दलदलीत पडलेल्या माणसाला?"

गॉर्डनने चहाचा थर्मास पुढे केला.

"तू शोधतोस ना सगळं?" विल्फ म्हणाला. "पूल शोध. भंगारात, कुठल्या दुसऱ्या लेथच्या पोटात, कुठेही मिळाला तर त्याने तो विकला आणि गेला. मला तेवढं कळू दे. ते वाईटच निघेल, पण कळू दे."

गॉर्डनने कधी शोधलं नव्हतं असं शोधलं. जुन्या यंत्रांच्या मंडळातल्या सगळ्यांना फोन केले, हॅलिफॅक्सच्या भंगारवाल्यांना पिढीजात आठवणी उकरायला लावल्या. बूथरॉइडचे चार-दोन पूल निघाले, पण नंबर वेगळे. एक जाडजूड माणूस लिंकनहून एक पूल गाडीत घालून घेऊन आला, दोन सँडविच खाऊन, पूल ठेवून गेला. तोही परकाच. खाचेवर ठेवला तर एका बाजूने डुगडुगत राहिला.

तेवढ्यात विल्फची छाती बिघडली. दवाखान्यातून आल्यावर तो म्हणाला, "पूल नाही तर नाही, निदान ते यंत्र सबंध झालेलं तरी दाखव. त्याने हात लावलेली तेवढी एकच वस्तू आहे."

आणि गॉर्डनने नको ते केलं. या कामाचा पहिला नियम असा, की पूल बेडला बसवायचा, बेड पुलाला नाही. बेड म्हणजे मूळ. त्याच्यावर दुसऱ्याच्या हाताने हत्यार चालवायचं नसतं. पण लिंकनचा पूल कडक ओतीव होता, खरवडता खरवडता गॉर्डनचं मनगट भरून आलं, आणि घाई माणसाला काय काय करायला लावते! त्याने स्क्रेपर घेतला आणि खाचेची बैठकच, म्हणजे पूल जिथे टेकतो ती जागाच, खरवडायला सुरुवात केली. ॲम्ब्रोजने केलेली, चंद्रकोरींसारख्या बारीक खुणांची बैठक. थोडीशीच खरवडली आणि त्याला स्वतःची लाज वाटली. कोणाच्या ताटात हात घालावा तसं झालं.

तरी किती नुकसान केलं ते बघावं म्हणून त्याने बैठकीला निळा लेप पुसट फासला. हा लेप म्हणजे खरवडणाऱ्याचे डोळे. वर पूल ठेवून उचलला की जिथे टेकला तिथलं निळं निघून लोखंड चमकतं. सगळीकडे सारखे ठिपके चमकले म्हणजे पूल बसला. लेप फासून झाला आणि मॉरीनने जेवायला हाक मारली.

जेवून आला तेव्हा लेपावर दोन ठिपके चमकत होते. एक या कोपऱ्यात, एक त्या कोपऱ्यात.

आपणच लिंकनचा पूल ठेवून पाहिला असणार, असं त्याला वाटलं. तो पूल टेबलावर होता. उलटा करून पाहिला. खाली निळ्याचा डागसुद्धा नव्हता.

म्हातारपण, गॉर्डन म्हणाला, आणि लेप पुसून टाकला. पुसताना बोटाला ओलं लागलं. खाचेच्या तळाशी थोडं पाणी होतं, चहासारखं तपकिरी, माळावरच्या ओढ्यांना असतं तसं. छप्पर गळत नव्हतं. त्याने पाणी टिपलं, तेल लावलं, नवा लेप फासला. का फासला, हे त्याला सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ठिपके वाढले होते. कोपऱ्यातून आत सरकले होते. आणि लेथखाली, त्याने सकाळीच झाडलेल्या फरशीवर, खरवडलेल्या लोखंडाचा बारीक भुगा पडला होता. गॉर्डनने तो चिमटीत घेतला. लोखंड नुकतं खरवडलं की भुगा करडा असतो. हा तांबूस होता, पुष्कळ दिवस पाण्यात राहिलेल्या लोखंडाचा.

विल्फ चेष्टा करतोय असं म्हणावं तर विल्फ त्या दिवशी डॉक्टरांकडे होता, आणि विल्फला लेपातलं ओ की ठो कळत नव्हतं. गॉर्डनने शेडला कुलूप घातलं आणि किल्ली जाकिटाच्या खिशात ठेवली.

सोमवारी तो जेवायला बसला होता. मॉरीन रिकामी टोपली घेऊन परसातून आत आली आणि तिथेच उभी राहिली.

"तू इथे आहेस?"

"मग कुठे असणार?"

"नाही, मी आपली तिकडे चादरी घालतेय आणि आत तुझं खर्र, खर्र चाललंय. म्हटलं याला भूक नाही वाटतं आज." तिने टोपली खाली ठेवली. "गॉर्डन, आत कोण आहे?"

दोघं बाहेर आली. चादरी हलत होत्या. शेडचं कुलूप दारावर तसंच होतं. आत काही आवाज नव्हता, पण आवाज नुकताच थांबला आहे असं वाटायला लावणारी जी शांतता असते ती होती. गॉर्डनने कुलूप काढलं. आत मेंढीच्या चरबीचा वास होता. लेथच्या बाजूला फरशी ओली होती, जड ओझं घेतलेला माणूस भिजून आला आणि बराच वेळ एका जागी उभा राहिला, तेवढीच. लेपावर ठिपकेच ठिपके होते.

मॉरीनने फरशी पाहिली. ती घाबरली होती, पण तिचं घाबरणं नेहमी रागासारखं दिसायचं. "कोण का असेना," ती म्हणाली, "पाय पुसून येत जा म्हणावं." आणि घरात जाऊन तिने एक जुनं पायपुसणं आणून शेडच्या दारात टाकलं.

त्या दिवसापासून गॉर्डनची भीती कमी झाली. त्याला भलतंच वाटायला लागलं होतं: कोणीतरी आपली चूक निस्तरतोय. बैठक गॉर्डनने बिघडवली होती, आणि जो कोणी होता तो आपला पूल त्या बिघडलेल्या बैठकीला पुन्हा पहिल्यापासून जुळवून घेत होता, न कुरकुरता. गॉर्डनने लिंकनचा पूल उचलून कोपऱ्यात ठेवला. आपला चांगला स्क्रेपर धार लावून लेथवर ठेवायला लागला. जेवायला जाताना लेप फासून जायचा आणि येताना खोकून यायचा, म्हणजे आतल्याला कळावं. परतल्यावर स्क्रेपरची लाकडी मूठ ओली असायची. पायपुसण्यावर रोज काळा चिखल असायचा.

विल्फला सांगायचं की नाही, यावर नवरा-बायकोचं भांडण झालं. मॉरीन म्हणाली, त्याच्या छातीला झेपणार नाही. गॉर्डन म्हणाला, छाती जातेच आहे, त्याच्या आधी त्याला कळू दे.

"काय कळू दे? तुला तरी काय कळलंय?"

"काही नाही," गॉर्डनने कबूल केलं.

तरी त्याने सांगितलं. विल्फने सगळं ऐकून घेतलं. हसला नाही, रडला नाही. डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तिच्या कडेवरून बोट फिरवत राहिला.

"तू पाहिलंस त्याला?"

"नाही रे. मी असताना येत नाही. माणूस काम करताना कोणी बघत बसलेलं त्याला आवडत नसेल."

"मी बसतो," विल्फ म्हणाला. "मी काही फिटर नाही. मला काय कळतंय त्याच्या कामातलं?"

दुसऱ्या दिवशी माळावरून धुकं उतरलं होतं. गल्ली अर्धीच दिसत होती. विल्फ आला तो चॅपलला जायचा ठेवणीतला कोट घालून, दाढी करून. गॉर्डनने लेप फासला, स्क्रेपर ठेवला आणि शेगडी विल्फच्या पायाशी सरकवली.

"बरं नाही वाटलं तर हाक मार."

"जा तू. जेव जा."

"विल्फ, लेका..."

"जा रे म्हाताऱ्या."

स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेडचं उघडं दार दिसत होतं, आणि दारातून विल्फची पाठ. मॉरीनने मटणाचा रस्सा वाढला होता. दोघांनीही चमचा उचलला नाही.

धुकं परसात आलं. विल्फची पाठ पुसट झाली.

मग आवाज सुरू झाला. खर्र. थांबणं. खर्र. घाई नव्हती त्यात. जाणत्या हाताचा आवाज होता, गॉर्डनला तो कुठेही ओळखू आला असता. विल्फ हलला नाही.

आवाज थांबला.

लोखंडावर लोखंड टेकल्याचा एक जाड, बुटका आवाज आला. पोकळ नाही. पूर्ण टेकल्याचा.

"बसला," गॉर्डन पुटपुटला. मॉरीनने त्याचं मनगट धरलं.

मग बोलणं ऐकू आलं. शब्द कळले नाहीत. विल्फचा आवाज होता, आणि विल्फ थांबला की मधे दुसरं काहीतरी होतं. विल्फ पुन्हा बोलायचा, हळू, समजावल्यासारखं.

मग तेही थांबलं.

गॉर्डन परस ओलांडून गेला तेव्हा स्टूल रिकामं होतं. शेगडी चालू होती. गल्लीकडचं फाटक उघडं होतं आणि फाटकापलीकडे धुकं.

खाच भरलेली होती.

पूल आपल्या जागी होता, तपकिरी, ओला, वरचा माथा मात्र नुकताच खरवडून लखलखीत केलेला. गॉर्डनने सांध्यावरून नख फिरवलं. नख अडलं नाही. सांधा डोळ्याला दिसत होता, नखाला लागत नव्हता. बाजूला नंबर होता. तोच. ॲम्ब्रोज फेदरने पूल विकला नव्हता. भंगारात घातला नव्हता, जहाजात बसून कुठे गेला नव्हता. गॉर्डनच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याने ते पुसलं नाही.

त्याने पुलावर तळहात ठेवला. शेडमधलं सगळं लोखंड थंडीने बर्फ झालं होतं, पूलही. फक्त त्याची एक बाजू, माणसाच्या पाठीला टेकते ती, कोमट होती.

तो तसाच विल्फच्या घराकडे निघाला. मॉरीनने दारातून हाक मारली, "कोट तरी घाल!" त्याने घातला नाही. धुक्यात गल्लीचे दिवे दुपारीच लागले होते. चालता चालता त्याने ठरवून टाकलं होतं की विल्फला धरून पिकल्सकडे न्यायचं, आजच्या आज. ॲम्ब्रोज फेदर, एडिथचा नवरा, विल्फ्रेडचा बाप. जी जागा सोडली होती ती आता भरायची. गल्लीतल्या प्रत्येकाला वाचता येईल अशा ठसठशीत अक्षरांत भरायची.

दार विल्फनेच उघडलं. पायांत नुसते मोजे होते आणि बोट ओठांवर.

"विल्फ, पूल मिळाला."

"माहीत आहे."

"नंबर तोच आहे रे! पळाला नव्हता तुझा बाप. पिकल्सला सांगू या, नाव कोर म्हणून. आजच्या आज..."

"हळू बोल ना, लेका," विल्फ कुजबुजला. "पिकल्सला म्हणावं, नको."

"नको?"

"अरे, घरात असलेल्या माणसाचं नाव दगडावर कोरतं का कोणी?"

गॉर्डन पायरीवरच थांबला. विल्फच्या छातीतून आज भात्याचा आवाज येत नव्हता, हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं. विल्फच्या मागे अंधारा बोळ होता, आणि त्याच्या टोकाला माडीचा जिना. पायऱ्यांवर काळ्या चिखलाचे पाय वर गेलेले होते. खाली आलेले नव्हते.

"माझ्या निम्म्या वयाचा आहे रे," विल्फ म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि तो हसत होता. "केस काळेभोर. त्याने ओळखलं नाही मला. कसा ओळखणार? म्हणाला, काका, एडिथ फेदर अजून त्याच घरात राहते ना? मी म्हटलं, हो. म्हटलं, जरा बाहेर गेलीय, येईल एवढ्यात, तू दमलायस, वर जाऊन पड तोवर."

"विल्फ..."

"दुसरं काय सांगणार होतो मी? तूच सांग."

गॉर्डन पायरी चढून त्याच्याजवळ आला. दोघं म्हातारे दारात एकमेकांचे हात धरून उभे राहिले. बाहेर कोणीतरी सायकलवरून गेलं, घंटी वाजवत.

माडीवर खाट कुरकुरली. कूस बदलल्याचा आवाज आला. मग झोपेने जड झालेल्या, तरण्या आवाजात वरून कोणीतरी विचारलं,

"आली का ती?"